तसबिरीकडं तोंड करून

घरची सभा संध्याकाळी आणि ठराव दुपारीच, ही दादासो कुरण्यांची जुनी सवय. त्या ज्येष्ठ पौर्णिमेलाही दुपारची खीर चुलीवरून उतरायच्या आत त्यांनी सगळं जमवून आणलं होतं. ठराव एवढाच होता, की नातीनं, म्हणजे सोनमनं, पदवीच्या तिसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं.

उपयोजित भौतिकशास्त्राच्या त्या पदवीला पहिली दोन वर्षं सगळ्यांना सगळंच शिकवत. तिसऱ्या वर्षी मात्र एक शाखा धरायची, आणि एकदा धरली की सोडायची नाही. तीन शाखा होत्या. एक इलेक्ट्रॉनिक्स, दुसरी मटेरियल सायन्स, आणि गेल्याच वर्षी सुरू झालेली तिसरी, ध्वनिशास्त्र. तिसरीला मुलं जात नव्हती. सोनमला तीच हवी होती, आणि उद्या कॉलेजात नाव सांगायचा शेवटचा दिवस होता.

मिलिंदचं, म्हणजे सोनमच्या वडिलांचं, मन वळवायला दादासोंना कष्ट पडले नाहीत, कारण इलेक्ट्रॉनिक्सचं खूळ मुळात त्याचंच. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तो एका कारखान्यात मशिनांची मोजमापं सांभाळायचा. पोरगी इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बाहेर पडली तर ट्रेनी म्हणून घेऊ, असं त्याच्या साहेबानं चहा पिता पिता म्हटलं होतं. साहेब चहा पिताना बरंच काही म्हणतात, पण मिलिंदनं ते शिलालेखासारखं मनात कोरून ठेवलं होतं.

अडचण सुनेची होती. संघमित्रा गारगोटीच्या शाळेत शिक्षिका, रोज एसटीनं जाऊन येऊन करणारी. तिला लेक प्राध्यापक झालेली बघायची होती, म्हणून तिचा कल मटेरियल सायन्सकडं. पण सकाळीच तिनं सोनमला शब्द दिला होता, की तुला ध्वनिशास्त्रच हवं असेल तर सभेत मी तुझ्या बाजूनं बोलेन. दादासोंना हे भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. या घरात भिंतींना कान नव्हते, दादासोंना होते.

तेव्हा दुपारी ते स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले आणि खीर ढवळायला लागले. सासरा खीर ढवळायला आला म्हणजे काहीतरी मागणार, हे संघमित्रानं ओळखलं. त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, की मिलिंदचा मित्र मिरजेचं एक स्थळ घेऊन येतोय, त्याला मी परस्पर थांबवतो. एम.एस्सी. होईपर्यंत घरात लग्नाचा विषय निघणार नाही. पण पदवीला इलेक्ट्रॉनिक्स. संघमित्रा चुलीतलं लाकूड मागं ओढत राहिली. सव्वीस वर्षांची होईपर्यंत शिकू द्या म्हणून ती स्वतः आपल्या वडिलांच्या पाया पडली होती आणि त्यांनी एकविसाव्या वर्षीच तिचं लग्न उरकलं होतं. शेवटी ती म्हणाली, ‘‘मिरजेचं नक्की थांबवाल?’’ दादासोंनी डाव तिच्या हातात दिला आणि काम झालं.

खिरीत घालायला वेलदोडे पाहिजे होते. संघमित्रानं परसदाराकडं तोंड करून हाक मारली, ‘‘आत्ती, वेलदोड्याची डबी कुठं ठेवलीय?’’

परसदारात आक्काताई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वळवली नाही. संघमित्रानं पुन्हा हाक मारली, आणि मग ओठ आवळून स्वतःच फळ्या धुंडाळायला लागली.

‘‘तिचं मनावर घिऊ नको,’’ दादासो म्हणाले. ‘‘पैल्यापास्नं ताठ हाय ती.’’

आक्काताई ही दादासोंची थोरली बहीण. ऐन तिशीत नवरा गेला, मूलबाळ नाही, तरी माहेरी आली नाही. कबनूरला मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरत तिनं उभा जन्म काढला. दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला कोल्हापूरला आणलं, आणि आता उतारवयात एकटी कुठं ठेवायची म्हणून सभेनंच तिला इथं ठेवून घ्यायचं ठरवलं. कबनूरच्या तिच्या दोन खोल्यांत भाडेकरू घातला. त्याही सभेत ती एका शब्दानं बोलली नव्हती. ती सभेत कधी बोलतच नसे. म्हणून दुपारच्या धावपळीत दादासो तिच्याकडं फिरकलेसुद्धा नाहीत. गप्प बसणाऱ्या माणसाला वळवायला वेळ कोण घालवतो?

कारण या घरात गप्प बसणं म्हणजेच होकार होता. हा नियम दादासोंच्या वडिलांनी, म्हणजे बाबांनी, घालून दिलेला. छप्पन साली दीक्षा घेतल्यानंतर एका पावसाळ्यात एक भन्ते त्यांच्या वस्तीवर राहिले होते. भिक्खूसंघात ठराव कसा करतात ते त्यांनी सांगितलं. ठराव तीनदा बोलून दाखवायचा. ज्याला मान्य त्यानं गप्प राहायचं, ज्याला नाही त्यानं बोलायचं. म्हाताऱ्याला ते इतकं पटलं, की म्हैस विकायची की ठेवायची इथपासून सगळं घरात तसंच ठरायला लागलं. त्यात त्यांनी पदरच्या दोन गोष्टी घातल्या. एक, एकट्याच्या हरकतीनं ठराव अडायचा नाही, दुसऱ्या कुणाची तरी साथ लागायची. आणि दुसरी, विचारणाऱ्यानं बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीकडं तोंड करून, माणसांकडं पाठ करून विचारायचं. गावच्या चावडीवर पाटलाचे डोळे अंगावर असताना आपल्या बापाची वाचा कशी बसायची, हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं. आपल्या घरात थोरल्याच्या डोळ्यांच्या धाकानं कुणाचं तोंड बंद व्हायला नको, म्हणून ही पाठ. असा नियम कोल्हापुरात दुसऱ्या घरात नसेल, याचा दादासोंना अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

संध्याकाळी वंदना झाली. खीर वाटली. मिलिंद भिंतीला टेकून बसला, त्याच्या शेजारी संघमित्रा, समोर सोनम. आक्काताईला गुडघ्यांमुळं खाली बसवत नसे, म्हणून ती दाराजवळच्या खुर्चीवर. दादासो उठले, तसबिरीपुढं उभे राहिले आणि घसा साफ करून म्हणाले,

‘‘आपल्या सोनमनं तिसऱ्या वर्साला इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं, असा ठराव हाय. ज्याला मान्य त्यानं गप्प ऱ्हावं. न्हाय त्यानं बोलावं.’’

कुणी बोललं नाही. दादासोंनी दुसऱ्यांदा तेच म्हटलं. अगरबत्तीची राख पडली ती त्यांनी बोटानं बाजूला केली आणि तिसऱ्यांदा म्हटलं.

‘‘मला मान्य न्हाय,’’ सोनम म्हणाली.

हे दादासोंनी गृहीत धरलंच होतं. मागं न वळता ते म्हणाले, की हरकत घेतली, चांगलं केलंस, आता कारण सांग. सोनमनं सांगितलं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये साठ पोरं आहेत आणि मला त्यात गोडी नाही. आवाज कसा चालतो, कशावर आपटून परत येतो, किती झाला की माणसाला बाधतो, हे मला शिकायचं आहे.  मिलिंद मध्येच म्हणाला, की आवाज शिकून पोट भरत नाही, गणपतीत लाउडस्पीकर लावणारे पुष्कळ आहेत. दादासोंनी त्याला गप्प केलं. हरकत घेणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, हाही नियमच होता.

‘‘आता इचारतो,’’ ते म्हणाले. ‘‘सोनमच्या हरकतीला कुणाची साथ हाय?’’

सोनमनं आईकडं पाहिलं. संघमित्रा पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही, आणि खीर ढवळायला आजोबा कशाला गेले होते ते सोनमला कळलं. दादासोंनी दुसऱ्यांदा विचारलं. आता एकदाच विचारायचं राहिलं होतं, आणि साथ मिळाली नाही की उद्या कॉलेजात तिच्या नावापुढं इलेक्ट्रॉनिक्स पडणार होतं.

‘‘आबा,’’ सोनम म्हणाली, ‘‘तिसऱ्यांदा इकडं तोंड करून विचारा.’’

‘‘असं करत न्हाईत.’’

‘‘एकदाच करा की.’’

‘‘का म्हणून?’’

‘‘ते मी सांगणार न्हाय. मी शब्द दिलोय.’’

मिलिंद चिडला. सभा म्हणजे पोरखेळ आहे का, पणज्यानं घातलेली रीत तू मोडणार का, असं बरंच बोलला. दादासो मात्र तसबिरीकडं बघत उभे होते. रागच आला होता त्यांना, आणि रागात माणूस नीट विचार करत नाही, पण एक गोष्ट त्यांना टोचली. ही पाठ फिरवायची ती कशासाठी? समोरच्याला बोलणं सोपं जावं म्हणून. आणि आज समोरचंच माणूस म्हणतंय, की तोंड इकडं करा. बाबा असते तर वळले असते की नसते, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी, होऊन जाऊ दे एकदा, नाहीतरी साथ देणारं उरलंय कोण, असा विचार करून ते वळले.

‘‘तिसऱ्यांदा इचारतो. सोनमच्या हरकतीला कुणाची साथ हाय?’’

‘‘माझी हाय,’’ आक्काताई म्हणाली.

मिलिंद भिंतीपासून सरळ झाला. संघमित्राच्या बोटाभोवतीचा पदर सुटला. दादासोंना आधी वाटलं, की आक्काला विषयच कळलेला नाही.

‘‘कशाला साथ देतीयास, म्हाईत हाय का?’’

‘‘तूच आत्ता म्हणलास की, सोनमच्या हरकतीला साथ हाय का म्हणून. पोरगीचं म्हणणं काय ते मला पुरतं ठावं न्हाय, पर ती एकटी बोलतीया आणि तुमी सगळी गप्प हायसा, एवढं दिसतंय मला.’’ आक्काताई खुर्चीतच भावाकडं पुढं सरकली. ‘‘आणि बाबा गेल्यापास्नं आज पैल्यांदा घरात कुणाला तरी काय तरी इचारलास. म्हणून बोललो.’’

दादासोंना हे फार लागलं. एवढी वर्षं नियम पाळला, त्याचं हे फळ. ‘‘आक्का, मी दर येळंला इचारतो. तीन-तीनदा इचारतो.’’

‘‘कुणाला? तसबिरीला?’’

 आक्काताईनं सोनमकडं पाहिलं आणि हात हलवून म्हणाली, ‘‘सांग बाई आता. माझं कान गेल्यात म्हणून सांगून टाक. सोडलो तुला शब्दातनं.’’

मग सोनमनं सांगितलं. मागाच्या कारखान्यात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडं बघून बोलतात. आक्काआजीनं पस्तीस-चाळीस वर्षं तसंच बोलण्यात घालवली. कान कधी गेले ते तिचं तिलाही कळलं नाही, कारण समोर तोंड असलं की तिला सगळं समजायचं. फेब्रुवारीत विज्ञान दिनाला सोनमनं तिला कॉलेज दाखवायला नेलं होतं. प्रयोगशाळेत सहज गंमत म्हणून तिच्या कानाला हेडफोन लावला आणि यंत्रावर एकेक सूर चढवत नेला. बाकीच्या बाया तेवढ्या आवाजाला हेडफोन काढून टाकत होत्या, आणि आक्काआजी विचारत होती, की सुरू कधी करणार. घरी परतताना तिनं सोनमकडून शब्द घेतला, की घरात बोलायचं नाही. बहिरी म्हणून कुणी हाताला धरून चालवायला लागलं तर तिला ते सोसणार नव्हतं.

‘‘म्हणजे सभेत ते तसबिरीकडं वळले, की…’’ संघमित्रा म्हणाली.

‘‘मला वाटायचं, वंदना चाललीया अजून,’’ आक्काताई म्हणाली. ‘‘मग तुमी सगळी उठायचासा. मी बी उठायचो.’’

संघमित्रा उठली आणि आक्काताईच्या खुर्चीपुढं जाऊन बसली. दोन वर्षं ही बाई तिच्या हाकेला ओ देत नव्हती. शिकलेल्या सुनेचा हिला राग आहे, असं तिनं माहेरी सांगितलं होतं, शाळेतल्या बायांनाही सांगितलं होतं. आता ते सगळं आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्काताईचा हात हातात घेऊन, तोंड समोर धरून, ती हळू म्हणाली, की आत्ती, मला कळलंच नाही. आक्काताईनं तिच्या गालावरून हात फिरवला आणि दुपारी वेलदोड्याची डबी सापडली का म्हणून विचारलं. फळ्यांवरच्या डब्यांची उघडझाप तिनं मागाहून वळल्यावर पाहिली होती.

मिलिंद मात्र हट्टाला पेटला. आत्तीचं वाईट वाटतंय, पण म्हणून पोरीनं नोकरी नसलेली शाखा घ्यायची हे कुठलं गणित, असं त्याचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चूक नव्हतं. त्यानं सोनमला सरळ विचारलं, की हे शिकून नोकरी कुठं लागेल.

‘‘म्हाईत न्हाय,’’ सोनम म्हणाली. ‘‘पण कारखान्यांत आवाज मोजायला, कमी करायला माणूस लागतंयच की, पप्पा. तुमच्याकडं न्हाय का?’’

‘‘आमच्याकडं कानात घालायचे बोळे देतात.’’

‘‘तुम्ही घालता?’’

 मिलिंदचे बोळे मोटरसायकलच्या डिकीत पाकिटासकट पडून होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आक्काताई हे सगळं एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत समजून घेत होती. ती सोनमला म्हणाली, ‘‘ते शिकून माझं कान येतील परत?’’

‘‘न्हाय, आजी. गेलेलं येत न्हाय.’’

‘‘मग?’’

‘‘कबनूरात माग अजून चालूच हायत. तुझ्या शेजारच्या कांड्यावाल्या बायांचं कान अजून शिल्लक हायत थोडं.’’

आक्काताईनं बोटांवर एकेकीचं नाव मोजलं. ‘‘धोंडुबाईचं न्हाईत,’’ ती म्हणाली. ‘‘चिमणाबाईचं असतील.’’

दादासो अजून उभेच होते. त्यांनी सोनमच्या नावचा नवा ठराव मांडला, ध्वनिशास्त्राचा, आणि या वेळी तसबिरीला पाठ करून, माणसांकडं तोंड करून मांडला. हे भलतंच अवघड काम निघालं. पाठ असताना शांतता सगळी एकसारखी असायची. आता प्रत्येकाची वेगळी दिसत होती. संघमित्राची सुटल्यासारखी होती. मिलिंदची दात-ओठ आवळलेली होती, आणि तिला होकार म्हणायची दादासोंची छाती होईना.

‘‘मिलिंदा, तोंडानं बोल,’’ ते म्हणाले.

‘‘मला पटलेलं न्हाय, आबा,’’ मिलिंद म्हणाला. ‘‘पर अडवणार न्हाय. शिकंना का.’’

तिसऱ्यांदा विचारून झालं आणि सोनमचं ध्वनिशास्त्र ठरलं. संघमित्रानं तेवढ्यात मिरजेच्या स्थळाची आठवण करून दिली, आणि तो शब्द इलेक्ट्रॉनिक्सच्या बदल्यात होता असं म्हणायचं दादासोंच्या ओठांवर आलं होतं, पण आज त्यांना बोलवेना. सोनम रडत नव्हती, हसतही नव्हती. रिकाम्या वाट्या एकात एक घालत होती.

सभा संपली असं म्हणायचं राहिलं होतं. दादासो ते म्हणत नव्हते. बाबांच्या माघारी झालेल्या सभा त्यांना एकामागून एक आठवत होत्या. गावाकडचं शेत खंडानं दिलं ती, मिलिंदचं लग्न ठरलं ती, आणि सगळ्यात शेवटी दोन वर्षांपूर्वीची, जिथं आक्का आपल्या घरादारावरून उठली. त्या दिवशी त्यांनी किती जीव लावून तो ठराव मांडला होता. थोरल्या बहिणीला आता सुखाचे दिवस दाखवायचे, असं ते म्हणाले होते. बोलले ते सगळं तसबिरीला. बहीण मागं बसून वंदना संपायची वाट बघत होती, आणि ऑपरेशनची पट्टी सुटली की आपण घरी जाऊ, असं तिला वाटत होतं.

त्यांनी पुन्हा तसबिरीकडं तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, ‘‘आक्का, कबनूरला तुझ्या घरात जायाचंय का तुला?’’

मागून उत्तर आलं नाही. मिलिंद काहीतरी बोलणार होता, त्याला संघमित्रानं हातानं थांबवलं. दादासोंनी दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचं धैर्य त्यांना झालं नाही. ते वळले, खुर्चीपर्यंत गेले, आणि गुडघे कुरकुरत असतानाही बहिणीपुढं खाली बसले. त्यांचे डोळे भरले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

‘‘आक्का,’’ ते म्हणाले, ‘‘कबनूरला जायाचंय का तुला?’’

आक्काताई त्यांच्या तोंडाकडं नीट बघत होती. 

‘‘जायाचंय की,’’ ती म्हणाली. ‘‘पर तिथं आता भाडेकरू हाय. पोराबाळांचा माणूस हाय त्यो. आधी त्येला इचार.’’

दादासोंनी मान हलवली.

‘‘आणि दादासो,’’ आक्काताई म्हणाली, ‘‘त्येच्या तोंडाकडं बघून इचार.’’